स्पेक्ट्रम अॅनालायझरचा लांब स्वीप संपला हे प्रोग्रॅमला खात्रीने कसे कळवावे?

नवा_बेंच: पायथनमधून पायव्हिसा (मोजमाप यंत्रांशी बोलणारी लायब्ररी) वापरून लॅनवर स्पेक्ट्रम अॅनालायझर (सिग्नलची ताकद फ्रिक्वेन्सीनुसार दाखवणारे यंत्र) चालवतो आहे. एक स्वीप, म्हणजे फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यावरून एक फेरी, साधारण ४० सेकंदांचा. *ओपीसी? (काम संपल्यावरच उत्तर देणारी क्वेरी, म्हणजे प्रश्नरूपी आज्ञा) पाठवले की २ सेकंदांत टाइमआउट येतो आणि पुढच्या आज्ञेनंतर यंत्राच्या एरर रांगेत -४१० दिसते. सध्या ४५ सेकंदांचा स्लीप टाकला आहे. योग्य पद्धत सुचवा.

रजिस्टर_वाचक: २ सेकंद ही व्हिसाची (पायव्हिसामागच्या यंत्र-संवाद प्रणालीची) टाइमआउटची मूळ मर्यादा आहे, यंत्र बिघडलेले नाही. *ओपीसी? चे उत्तर बाकी असताना तुम्ही दुसरी आज्ञा पाठवता, म्हणून -४१०, म्हणजे 'क्वेरी इंटरप्टेड'. एकच यंत्र असेल आणि तोवर प्रोग्रॅमला दुसरे काम नसेल, तर टाइमआउट ६०००० मिलिसेकंद करा. बास, प्रश्न मिटला.

मध्ये दुसरे काही करायचे असेल तर प्रश्नचिन्ह नसलेले *ओपीसी वापरा; ते उत्तर पाठवत नाही, काम संपले की यंत्राच्या इव्हेंट रजिस्टरमध्ये खूण करते. आधी *सीएलएस (जुन्या खुणा पुसा), मग *ईएसई ६१ (कोणत्या घटनांनी स्टेटस बाईटमधला ३२ चा बिट चढावा), *एसआरई ३२ (त्या बाईटमधल्या कोणत्या बिटाने ६४ चढावा), इनिट:कंट ऑफ (सलग स्वीप बंद). त्यानंतर इनिट (एक स्वीप सुरू) आणि लगेच *ओपीसी. मग दर २०० मिलिसेकंदांनी रीड_एसटीबी() करा (सीरियल पोल, म्हणजे स्टेटस बाईट रांगेबाहेरून वाचणे) आणि ६४ चा बिट दिसला की *ईएसआर? ने इव्हेंट रजिस्टर वाचा. स्वीप संपल्यानंतरच्या पहिल्या पोलला ९६ येईल, दुसऱ्याला नुसते ३२, कारण सीरियल पोलने ६४ उतरतो. ३२ उतरतो तो *ईएसआर? वाचल्यावर किंवा *सीएलएसने.

बहुतेक उदाहरणांत *ईएसई १ असते. मी मुद्दाम ६१ सांगतोय: १ पूर्ण झाल्याचा, ४ क्वेरी एरर, ८ यंत्राची स्वतःची एरर, १६ एक्झिक्युशन, ३२ कमांड एरर. इनिटच्या स्पेलिंगमध्ये चूक झाली तर स्वीप सुरूच होत नाही. बाकी काम काही नसल्याने *ओपीसी क्षणात 'झाले' म्हणते आणि तुम्ही जुना ट्रेस (स्वीपचा आलेख) नवा समजून साठवता! *ईएसआर? मध्ये १ ऐवजी ३३ आले तर हेच घडले आहे. मग सिस्ट:एरर? शून्य येईपर्यंत लूपमध्ये वाचा. सर्वांत जुनी एरर आधी येते. -३५० दिसली तर रांग भरली होती आणि त्यानंतरच्या एरर गेल्या.

नवा_बेंच: ६१ लावले. पण रीड_एसटीबी() लाच एरर येते. पत्त्यात ५०२५ पोर्ट आणि शेवटी सॉकेट आहे.

केबल_आणि_पोर्ट: मग तेच कारण. कच्च्या सॉकेटवर सीरियल पोलही नाही, एसआरक्यूही (यंत्राने स्वतः लक्ष मागणे) नाही. तिथे *एसटीबी? विचारता येते, पण ती इतर आज्ञांसारखी रांगेतूनच जाते, आणि तिच्या उत्तरातला ६४ वाचल्याने उतरत नाही. यंत्रात हायस्लिप (लॅनवरून यंत्र चालवण्याचा नवा प्रोटोकॉल) असेल तर पत्ता हायस्लिप०::इन्स्टर असा करा, पोर्ट ४८८०. जुन्या यंत्रात त्याआधीचा व्हीएक्सआय-११ प्रोटोकॉल चालेल. यूएसबी केबल असेल तर यूएसबीटीएमसी (मोजमाप यंत्रांसाठीचा यूएसबी प्रोटोकॉल) बघा. त्यावरही स्टेटस बाईट वेगळ्या वाटेने मिळते, मात्र यंत्र त्याच्या ४८८ उपवर्गाचे असले पाहिजे.

नवा_बेंच: हायस्लिपवर चालले, ९६ आले! आता इनपुट ओव्हरलोडही पकडायचा आहे. स्वीपनंतर कंडिशन रजिस्टर वाचले तर ० येते, पण ट्रेस स्पष्ट कापलेला दिसतो.

रजिस्टर_वाचक: कंडिशन म्हणजे या क्षणाची स्थिती. ओव्हरलोड मध्येच येऊन गेला की तिथे खूण उरत नाही, ती इव्हेंट रजिस्टरमध्ये अडकून राहते. म्हणून सुरुवातीला एकदा स्टॅट:प्रेस (स्टेटसची मांडणी मूळ स्थितीत), मग स्टॅट:क्वेस:एनॅब ८ (स्किपी या यंत्र-आज्ञांच्या प्रमाणित भाषेत, शंकास्पद स्थितींच्या या रजिस्टरमधला बिट ३ पॉवरचा), आणि *एसआरई ३२ ऐवजी ४०. ओव्हरलोड आला की पोलला ७२ मिळेल. स्टॅट:क्वेस:इव्हेंट? वाचा, म्हणजे तो बिट मोकळा होतो. तुमच्या यंत्रात पॉवरखाली वेगळे उपरजिस्टर असेल तर त्याचेही एनेबल लावावे लागते. पुस्तिकेतली स्टेटसची आकृती पाहूनच ठरवा, बिटांची वाटणी यंत्रागणिक बदलते.

*आरएसटी आणि *सीएलएस यांनी एनेबल रजिस्टर पुसली जात नाहीत. आधीच्या स्क्रिप्टने ठेवलेली किंमत तशीच राहते, म्हणून *ईएसई आणि *एसआरई दर वेळी स्वतः लिहा.

केबल_आणि_पोर्ट: टाइमआउटनंतर क्लिअर() करत असाल तर एक ध्यानात ठेवा. त्याने इनपुट-आउटपुट रांगा रिकाम्या होतात आणि वाट पाहणारे *ओपीसी रद्द होते, पण स्वीप थांबेलच असे नाही. आधी क्लिअर(), मग अॅबॉर (स्वीप थांबवा), *सीएलएस, आणि नंतरच इनिट व *ओपीसी पुन्हा.