हायस्पीड रेल्वेची लाइन अप्रोचखालून (विमान उतरायची वाट) गेली तर आयएलएसला (रेडिओ सिग्नलने विमानाला धावपट्टीची वाट दाखवणारी यंत्रणा) खरंच त्रास होतो का?

खरखर_१५०:
प्रोजेक्टसाठी हा विषय घेतलाय आणि आता डोकं भणभणतंय. माझी केस अशी, 25 केव्हीची हायस्पीड लाइन धावपट्टीच्या थ्रेशोल्डपासून (उतरायच्या बाजूचं टोक) साधारण 2 किमीवर अप्रोच ओलांडते. पँटो (गाडीच्या छतावरचा करंट घेणारा सांगाडा) आणि तार यांच्यात ठिणगी पडली की नॉइज शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत पसरतो, आणि लोकलायझर (डावी-उजवी दिशा देणारा सिग्नल) बसलाय 108 ते 112 मध्ये, ग्लाइड स्लोप (उतरायचा कोन देणारा) 329 ते 335 मध्ये. मी साधा एएम रेडिओ घेऊन रुळाजवळ उभा राहिलो तर गाडी जवळ आली तशी नुसती खरखर, स्टेशन ऐकूच येईना. मग विमानात काय होत असेल? त्यात तारेतल्या 50 हर्ट्झचा तिसरा हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सी) 150, आणि लोकलायझरचा एक टोन पण 150 च. हे दिसल्यापासून झोप उडालीय.

ओएचई_माणूस:
आधी 150 चं भूत उतरवा. तो टोन 110 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या कॅरियरवर (मूळ रेडिओ लहरीवर) चढवलेला असतो, तारेतला 150 हर्ट्झचा करंट विमानाच्या ॲन्टेनाला दिसतच नाही. ठिणगीचा नॉइज दिसतो, पण तो करंटच्या प्रत्येक अर्ध्या सायकलला उसळतो, म्हणजे सेकंदाला 100 वेळा, आणि रिसिव्हरचे फिल्टर 90 आणि 150 वर आहेत.
दुसरं म्हणजे रिसिव्हर कुठे आहे ते बघा. आयएलएस जमिनीवरून नुसतं पाठवतं, ऐकतं विमान. 3 अंशाच्या अप्रोचवर 2 किमीला विमान साधारण 120 मीटर वर असतं. रेल्वेचा नॉइज मोजतात तो रुळाच्या मध्यापासून 10 मीटरवर, म्हणजे अंतर 12 पट, मोकळ्या जागेत 21-22 डेसिबल तिथेच गेले. आणि विमान जिथे रुळाच्या इतकं जवळ येतं तिथे ते धावपट्टीच्याही जवळ आलेलं असतं, सिग्नल दणदणीत मिळतो. तुमचा एएम रेडिओ कमी फ्रिक्वेन्सीवर होता, तिथे ठिणगीचा आवाज सगळ्यात मोठा, शिवाय तुम्ही अगदी रुळाशेजारी. ती खरखर खरी आहे, पण तिच्यावरून लोकलायझरचा अंदाज बांधू नका.

मोजणी_करणारा:
वरचं पटतं, पण कागदावर थांबू नका, मोजा. आणि मोजताना इथेच सगळे फसतात. 300 च्या स्पीडला गाडी सेकंदाला 83 मीटर जाते, 200 मीटरची गाडी अडीच सेकंदात गायब. ॲनालायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल ते दाखवणारं यंत्र) रुंद बँडवर स्वीप करत ठेवलात तर ठिणगी पडली तेव्हा तो भलत्याच फ्रिक्वेन्सीवर असतो, आणि मॅक्स होल्ड (सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवणं) लावून गाड्या जमवत बसलात तर उलटं, एखादा क्षणभराचा पल्स कायमचा असल्यासारखा दिसतो. झिरो स्पॅनवर एकच फ्रिक्वेन्सी धरा, एक गाडी एक रेकॉर्ड, अशा भरपूर गाड्या घ्या. न्यूट्रल सेक्शनजवळ (तारेचा वीज नसलेला तुकडा) वेगळं मोजा, तिथे गाडीचा ब्रेकर वेळेत उघडला नाही तर जी ठिणगी पडते तिची बरोबरी साधी लाइन करत नाही. थंडीत तारेवर हिम धरतं तिथे पहाटेची पहिली गाडी सोडू नका.
जमलं तर ते न्यूट्रल सेक्शन अप्रोचपासून लांब सरकवायला सांगा, डिझाइनच्या वेळी ते स्वस्तात होतं, नंतर नाही.

जुना_टेक्निशियन:
सगळे ठिणगीच्या मागे लागलेत, मला गाडीच्या पत्र्याची जास्त काळजी वाटते. लाइन जर उंच पुलावर असेल आणि लोकलायझरच्या ॲन्टेनाच्या पुढे-बाजूला येत असेल तर 400 मीटर लांबीचा धातूचा आरसा तिथून पळतोय असं समजा. परावर्तित सिग्नल मूळ सिग्नलमध्ये मिसळला की कोर्स वाकतो, त्याला फिल्टर नाही. ग्लाइड स्लोप तर बरेचदा समोरच्या जमिनीचंच परावर्तन वापरून बीम बनवतो, म्हणून तिथली जमीन इतकी जपतात. आणि मॉनिटर (सिग्नल बिघडला तर तो बंद करणारं जमिनीवरचं यंत्र) विसरू नका. कॅट 3 ला (सगळ्यात कमी दिसत असताना उतरायची, सगळ्यात कडक श्रेणी) लोकलायझर बिघडलेला सिग्नल 2 सेकंदांपेक्षा जास्त देऊ शकत नाही, कॅट 1 ला (सगळ्यात साधी श्रेणी) 10 सेकंद चालतात. तीच 400 मीटरची गाडी 300 ने जायला जवळपास 5 सेकंद घेते. म्हणजे परावर्तन मॉनिटरपर्यंत पोचलं तर एकाच गाडीने कॅट 1 टिकेल आणि कॅट 3 बंद पडेल.
आवाज अडवायला धातूच्या भिंती लावणार असतील तर त्यांचं पण सिम्युलेशन करा, भिंत तर कायमची उभी असते.

खरखर_१५०:
5 सेकंदांचा हिशेब डोक्यातच आला नव्हता, मी नुसता नॉइज फ्लोअर (मागे कायम असणारा नॉइज) काढत बसलो होतो. पण मग पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळाला टर्मिनलच्या खालीच टीजीव्हीचं (फ्रान्सची हायस्पीड रेल्वे) स्टेशन आहे, 1994 पासून, ते कसं चालतं?

ओएचई_माणूस:
तिथे लाइन जमिनीच्या पातळीखाली आहे, पत्रा बीमच्या वाटेत येतच नाही. तुमच्या केसमध्ये पूल आहे की खोदलेला कट, हे आधी सांगा. जपानच्या शिन्कान्सेनवर सुरुवातीला 16 डब्यांना 8 पँटो होते, पुढे दोनच ठेवून ते हाय व्होल्टेज केबलने जोडले, एक सुटला तरी दुसरा करंट घेतो आणि ठिणगी खूप कमी होते. तुमची गाडी कशी आहे ते पण बघा.

मोजणी_करणारा:
आणि जमिनीवर खरोखर ऐकणारं यंत्र हवं असेल तर टॉवरचा 118 ते 137 चा व्हीएचएफ रिसिव्हर घ्या. तो एएमच आहे, लांबच्या विमानाचा बारीक आवाज पकडतो. त्याचा ॲन्टेना रुळापासून किती मीटरवर आहे?

खरखर_१५०:
340. पूल आहे, 12 मीटर उंच. उद्यापासून दोन्ही मोजतो.