आईला नोटरीकडे नेऊ की नको?

वाटसरू:
आई ७९ वर्षांची. बाबांचे शेवटचे अकरा दिवस तिने आयसीयूच्या काचेतून पाहिले. तेव्हापासून एकच धोशा, "मला नळ्या लावून ठेवू नका, तसा कागद करून घे." अशा कागदाला, म्हणजे लिव्हिंग विलला, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली. आधी न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. तिचं ऐकणं हीच तिची सेवा, असं मला वाटतं. थोरला भाऊ विचारतो, "आई जड झाली का तुला?"

निशिगंध:
दादांचं चुकलं कुठे? म्हातारी माणसं "माझ्यावर खर्च नको" म्हणतात ती मुलांना तोशीस नको म्हणून. माझी आजीही म्हणायची. तरी ऑपरेशन केलं, पुढे सहा वर्षं तिने पतवंडं खेळवली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग हल्ल्यानंतर जवळजवळ अचेत पडून होत्या. तिथल्याच परिचारिकांनी त्यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं. त्यांच्या दयामरणाच्या याचिकेला विरोध या परिचारिकांचाच होता. रोज अंग पुसणाऱ्यांचा शब्द मोठा मानायला नको?

वाटसरू:
शानबागांना काय हवंय, हे त्यांना विचारताच येत नव्हतं. आई बोलतेय.

कृष्णाकाठ:
मी १४ वर्षं आयसीयूत परिचारिका होते. कागद आहे म्हणून उपचार बंद, असं होत नाही. रुग्णाला स्वतः सांगता येत नसेल आणि बरं व्हायची आशा नसेल, तरच तो बाहेर काढायचा. त्यावरही उपचार करणाऱ्या डॉक्टरांसह तिघांचं मंडळ, मग दुसरं मंडळ. वेदना कमी करणारी औषधं चालूच राहतात. निशिगंध, आजींचं ऑपरेशन या कागदाने अडलं नसतं. पण तुमची भीती खरी आहे. पेशंट कसा आहे हे विचारायच्या आधी बिल विचारणारी मुलं मी पाहिलीत, आणि त्यांना दोषही देववत नाही, घर गहाण पडलेलं असतं. अशा घरात आई "नको" म्हणते, तेव्हा ते कितपत तिचं असतं?

दुर्वांकुर:
विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न-औषध सोडलं, त्याला आपण प्रायोपवेशन म्हणून हात जोडतो. वाटसरूंच्या आईने नळी नाकारली की लगेच मुलाची माया काढायची?

निशिगंध:
विनोबा शुद्धीवर होते, मन बदललं असतं तर सांगू शकले असते. बेशुद्ध माणसाला कागद फाडता येत नाही. करायचाच तर दरवर्षी आईंना पुन्हा विचारा, आणि दादांच्या समोर.

वाटसरू:
हे पटलं. शुद्धीवर असेपर्यंत तो लेखी मागे घेता येतो. रविवारी दादा येतोय. आईच बोलेल, मी मध्ये पडणार नाही.