घरी ईव्ही चार्जिंग: १५ अँपियरचा सॉकेट पुरेल की वॉलबॉक्सच हवा? (नाशिक)

गोदाकाठ
मंडळी, पुढच्या महिन्यात टियागो ईव्ही येतेय, २४ युनिटच्या बॅटरीची. नोकरी सिन्नरला, म्हणजे रोज जाऊन-येऊन साधारण ६० किमी. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, गाडी स्टिल्ट पार्किंगमध्ये. मीटररूमपासून भिंतीकडेनं वायर नेली तर ६० मीटर भरते.

एकानं ७.२ किलोवॉटचा वॉलबॉक्स (भिंतीवर बसवायचा जास्त वेगाचा चार्जर) 'लागतोच' म्हणून वायरिंगसकट ५५ हजार सांगितले. दुसरा म्हणतो २.५ स्क्वेअर एमएमची वायर ओढतो, साधा सॉकेट लावतो, सात हजारांत काम. कोणाचं ऐकू? बिल किती वाढेल? सध्या महिन्याला १८० युनिट येतात. वेगळं मीटर घ्यावं का?

तारवाला
दोघांचंही ऐकू नका.

६० किमीला तुम्हाला चार्जिंगमधली गळती धरून आठ-नऊ युनिट लागतील. गाडीबरोबरचा चार्जर १५ अँपियरच्या सॉकेटवर तासाला तीनेक युनिट भरतो. म्हणजे तीन तास. गाडी रात्री दहा तास उभीच असणार, मग वॉलबॉक्स कशाला? ते पैसे वायर आणि अर्थिंगमध्ये घाला.

२.५ ची वायर घरातल्या सॉकेटला ठीक. ६० मीटरवर, सलग १४ अँपियर ओढताना, तीत १२ व्होल्ट पडतात आणि पावणेदोनशे वॉट नुसते वायर तापवण्यात जातात, तेही रोज तीन तास. तांब्याची ६ स्क्वेअर एमएम घ्या, पाचेक व्होल्टवर भागतं. मध्ये कुठेही जोड नको.

सॉकेट निळा इंडस्ट्रियल, झाकणवाला. मॉड्युलर प्लेटवाले सॉकेट मिक्सर-इस्त्रीसाठी असतात. रोज तासन् तास चालवले की आतली पकड सैल होते आणि प्लगची पिन काळी पडते. मीटररूममध्ये स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा), तोही ए टाइप. दुकानदार एसी टाइप हातात ठेवतो. डबीवरचं चिन्ह बघा: नुसती एक नागमोडी रेघ असेल तर एसी, तिच्याखाली छोट्या कमानीही असतील तर ए.

आणि अर्थिंग. न्यूट्रल-अर्थमध्ये मल्टिमीटर लावून बघा, दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. जास्त असेल तर चार्जर लाल दिवा दाखवून बसतो. मग काही महाभाग सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ तुकड्यानं जोडून देतात. दिवा हिरवा होतो, गिऱ्हाईक खूश. पुढे कधी न्यूट्रल तुटली की गाडीच्या पत्र्यावर २३० व्होल्ट. कोणी असा 'जुगाड' सुचवला तर चहा पाजा आणि परत पाठवा.

कोथरूडची_मावशी
बिलाचं मी सांगते, दोन वर्षं भरतेय. महिन्याला १५०० किमी धरले तर दोनशेच्या वर युनिट वाढतील, म्हणजे एकूण चारशेच्या आसपास. ३०० च्या वरचे शंभरेक युनिटच ३०१ ते ५०० च्या स्लॅबमध्ये जातील, सगळं बिल नाही. आमचे 'हे' उगाच घाबरले होते. वेगळं ईव्ही मीटर घेतलं तर स्लॅब नसतो पण त्याचा स्थिर आकार वेगळा. एका गाडीसाठी मी तरी घेतलं नसतं. घरच्या जोडणीवर स्वतःची गाडी चार्ज करायला केंद्राच्या नियमांत परवानगी आहे.

टीओडी मीटर (वेळेनुसार दर लावणारं) बसलं असेल तर लक्षात ठेवा, घरगुती सवलत सकाळी ९ ते ५ ची आहे, रात्रीची नव्हे. रविवारी दुपारी लावा.

सुसाट_७७
वॉलबॉक्सला इतकं नावं ठेवू नका राव. माझ्याकडे ४० युनिटची बॅटरी आणि टूरचा धंदा आहे. दुपारी येऊन संध्याकाळी परत निघायचं तर साध्या सॉकेटवर भागत नाही.

तारवाला
तुम्हाला हवाच. त्यांना सिन्नरला जायचंय.

गोदाकाठ
बिलावर मंजूर भार ३ किलोवॉट दिसतोय. गीझर दोनचा आहे.

तारवाला
मग वायरिंगच्या आधी भार वाढवायचा अर्ज टाका. तोवर गीझर आणि गाडी एकत्र नको. गाडीच्या ॲपमध्ये किंवा स्क्रीनवर वेळ लावता येत असेल तर पहाटे दोनची लावा.

स्कूटरवाली_सई
थोडं अवांतर: आमच्या सोसायटीत एक जण स्कूटरची बॅटरी काढून जिन्याखाली लावतो. त्याला काय सांगू?

कोथरूडची_मावशी
जिना हीच सगळ्यांची पळायची वाट आहे, एवढंच सांग. आणि फिरून आल्या आल्या लावू नको म्हणावं, अर्धा-पाऊण तास गार होऊ दे.

गोदाकाठ
अपडेट. आज सात हजारवाल्यालाच मल्टिमीटर घेऊन बोलावलं. न्यूट्रल-अर्थमध्ये १८ व्होल्ट! तो लगेच म्हणाला, "साहेब, एक तुकडा टाकतो, दोन मिनिटांत होईल." चहा पाजला.

अर्थिंगचा नवीन खड्डा घ्यावा लागणार. सेक्रेटरी तयार आहेत, फक्त तो त्यांच्या जास्वंदीच्या वाफ्यात नको म्हणतात.