विमानाची ‘डागडुजी’ की ‘मोठी तपासणी’? आणि रंगाचे काही शब्द

प्रश्न

मोठ्या प्रवासी विमानांच्या देखभालीवरचा मजकूर मराठीत आणते आहे. ‘हेवी मेंटेनन्स’ला काय म्हणावं? ‘जड देखभाल’ वाचवत नाही. ‘डागडुजी’, ‘जीर्णोद्धार’, ‘ओव्हरहॉल’ यांपैकी काही चालेल का? आणि विमान नव्याने रंगवण्याला ‘रंगरंगोटी’?

प्रतिसाद

डागडुजी नकोच. डागडुजी छपराची होते: गळतंय तिथे ठिगळ, बाकीचं पुढच्या वर्षी बघू. इथे उलटा प्रकार. काहीच बिघडलेलं दिसत नसताना विमान उघडतात. तपासण्यांचे टप्पे ठरलेले असतात, त्यांना ए, सी, डी चेक म्हणतात. ए चेक काहीशे उड्डाण-तासांनी येतो आणि बहुधा एका रात्रीत उरकतो. सी चेक साधारण दीड-दोन वर्षांनी. डी चेक सहा ते दहा-बारा वर्षांतून एकदा, पण विमान कित्येक आठवडे हँगरमध्ये अडकतं. आसनं, सामानाचे कप्पे, स्वयंपाकाचे कट्टे, शौचालयं, भिंतींची पॅनेलं सगळं काढून सांगाडा उघडा करतात. मग फ्रेमा आणि रिव्हेटच्या ओळी आधी डोळ्यांनी आणि जिथे डोळा पुरत नाही तिथे एडी करंट (धातूत फिरणारा वीजप्रवाह, चिरेपाशी तो बदलतो), अल्ट्रासाउंड लावून बघतात.

मी ‘मोठी तपासणी’ लिहीन. ‘सी चेक’, ‘डी चेक’ तसेच ठेवा, हँगरमध्ये दुसरं कोणी काही म्हणत नाही.

प्रतिसाद

‘तपासणी’ म्हटलं की बघून सोडून दिल्यासारखं वाटतं. काम कुठे आहे त्यात? ‘खोलून तपासणी’ कशी वाटते? गॅरेजवाले इंजिन ‘खोलतात’च.

ओव्हरहॉल मात्र अख्ख्या विमानाला लावू नका (सायकलवाल्यांनी त्याचं ‘ओव्हरऑइल’ केलं, ते मला जास्त आवडतं). तो शब्द सुट्या भागांचा आहे. इंजिनाचा ओव्हरहॉल होतो, लँडिंग गिअरचा होतो. लँडिंग गिअर साधारण दहा वर्षांनी उतरवून, पूर्ण सुटं करून नव्याने जुळवतात.

प्रतिसाद

‘खोलून तपासणी’ला माझं मत. आणि ‘ठिगळ’ हा शब्द वरच्या प्रतिसादात सहज आला, पण तो जपून वापरा. रीतसर दुरुस्तीतही पत्र्यावर पत्रा चढवतात, त्यात वाईट काही नाही. वाईट काय ते चायना एअरलाइन्सच्या 611 क्रमांकाच्या उड्डाणात दिसलं. 1980 मध्ये त्या बोइंग 747 विमानाची शेपटी धावपट्टीला घासली होती. ओरखडे पडलेला पत्रा कापून न काढता त्यावर दुसरा पत्रा बसवला, आणि तोही खराब भागाच्या पलीकडे पुरेसा न नेता. खालचे ओरखडे झाकले गेले, त्यांतून चिरा वाढत राहिल्या. 25 मे 2002 रोजी विमान हवेतच फुटलं, 225 जण गेले. ठिगळ म्हणायचं तर याला.

प्रतिसाद

आता रंगाकडे. ‘रंगरंगोटी’त दिखाऊपणा आहे. नवं बोधचिन्ह येतं तेव्हा तो असतोही, पण रंग मुळात धातूचं कवच. साधं ‘रंगकाम’ पुरे. रंगाऱ्यांचे शब्द कुठवर चालतात ते बघण्यासारखं आहे.

‘अस्तर’ (रंगाखालचा पहिला थर, प्रायमर) चालतं. ॲल्युमिनियमवरचं पारंपरिक अस्तर क्रोमेटचं, पिवळट-हिरवं. त्यातला षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक, म्हणून पर्याय आणत आहेत.

‘हात’ चालतो, पण प्रत्येक हाताला वजन असतं. जंबोवरचा, म्हणजे 747 वरचा, रंगच काहीशे किलो भरतो. जुन्यावर नवा हात मारत राहिलं तर ते वजन इंधन खातं, म्हणून आधी जुना रंग उतरवतात. रसायन लावलं की तो फुगून पोपडे सुटतात. पूर्वी मिथिलीन क्लोराइड असे, आता बेंझिल अल्कोहोलवर आधारलेली रसायनं जास्त. बोइंग 787 किंवा एअरबस ए350 चं धड कार्बन तंतूंचं, तिथे हे रसायन तंतू बांधून ठेवणाऱ्या राळेलाच लागू शकतं, म्हणून घासून काढतात.

‘लांबी (पुट्टी) भरणे’ मात्र विसरा. भिंतीवर चर दिसली की लांबी भरून वर रंग. विमानावर चर दिसली की ती आधी मोजायची. रंगवण्याआधी जोडांतलं जुनं सीलंट (फटी बंद करणारा लवचीक लेप) धारदार हत्याराने कापताना पत्र्यावर रेघ उठते. केबिनमधला दाब प्रत्येक उड्डाणात चढतो-उतरतो आणि त्या रेघेतून चीर वाढू शकते. जुन्या 737 विमानांत अशा रेघा सापडल्यावर त्यांच्यासाठी वेगळ्या तपासण्या लावाव्या लागल्या. म्हणजे नुकसान रंगकामाच्या तयारीनेच केलेलं! ‘ओरखडा’ इथे फार सौम्य वाटतो, मी ‘रेघ’ म्हणेन.

आणि ‘तोलणे’ घ्याच. रंगवल्यावर विमान तोलतात. रडर, एलेव्हेटरसारख्या (शेपटीवरच्या, विमान वळवणाऱ्या आणि वर-खाली नेणाऱ्या) हलत्या भागांचा समतोल वेगळा तपासतात, कारण रंगाच्या वजनाने तो ढळला तर वेगात फडफड सुरू होऊ शकते.

प्रश्नकर्ती

‘खोलून तपासणी’ आणि ‘रंगकाम’ घेते. एक वाक्य बघाल? ‘रंगवण्यापूर्वी दाब मोजणारी छिद्रे टेपने बुजवतात.’

प्रतिसाद

‘बुजवतात’ काढा, ‘झाकतात’ लिहा. बुजवलेलं कायमचं बंद होतं, झाकलेलं उघडायचं असतं. या छिद्रांतून बाहेरच्या हवेचा दाब कळतो आणि त्यावरून उंची आणि वेग काढतात. 2 ऑक्टोबर 1996 रोजी एरोपेरू या पेरूच्या विमान कंपनीच्या बोइंग 757 वर धुऊन-पुसून झाल्यावर हीच टेप काढायची राहिली. लिमाहून रात्री उडालेल्या वैमानिकांना उंची आणि वेग कळेना, विमान समुद्रात कोसळलं, 70 जण गेले. टेप चंदेरी होती, पत्र्यावर दिसलीच नाही. म्हणून पुढचं वाक्यही जोडा: ‘ही आवरणे भडक रंगाची असतात आणि ती काढल्याची नोंद करून सही घेतली जाते.’