मदतीच्या पैशाचा हिशेब: तुमचे अनुभव लिहा

ओळखीच्या एका बाईंना मुलीच्या फीसाठी पैसे दिले होते. पंधरा दिवसांनी त्यांच्या हातात नवा मोबाईल दिसला आणि मला राग आला. बोलले काहीच नाही, पण तो मोबाईल डोक्यातून जाईना. पुढे मुलीकडून कळलं, जुना फोन बंद पडला होता. त्यांना कामाचं बोलावणं फोनवरच येतं, तो लागला नाही की काम दुसरीकडे जातं. फीची मुदत त्यांनी शाळेशी बोलून वाढवून घेतली होती. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं, मग राग कसला आला? मदत दिलेल्यांनी आणि विशेषतः घेतलेल्यांनी लिहावं.

*

घेतलेल्यांपैकी मी. वडील गेल्यावर वर्षभर नातेवाइकांनी आम्हाला सांभाळलं, ते उपकार विसरणार नाही. आईने त्यातून एकदा धाकट्या बहिणीला रंगपेटी घेतली. एका काकांनी ती पाहिली आणि म्हणाले, "बरं चाललंय की तुमचं!" तेव्हापासून कुणी येणार असलं की आई ती पेटी कपाटात लपवायची. बहीण आता चाळिशीची आहे, चांगलं कमावते. अजूनही घरात नवीन काही आणलं की 'स्वस्तात मिळालं' हे सांगितल्याशिवाय तिला राहवत नाही.

*

मी मदतकार्यात आहे. 'रोख दिली तर दारूत जाईल' म्हणून आम्ही वर्षानुवर्षं वस्तूच वाटल्या. लोक त्या पडेल भावात विकून औषधं आणायचे, घरभाडं भरायचे. नुकसान त्यांचंच. जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोव्हा यांनी २०१४ मध्ये वेगवेगळ्या देशांतले १९ अभ्यास तपासले. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च जवळजवळ कुठेच वाढलेला नव्हता, काही ठिकाणी उलट घटला होता. केनियात विनाअट रोख मिळालेल्या कुटुंबांनी गवताची छपरं काढून पत्रे घातले, जनावरं घेतली. आमच्या बैठकीत मी हे वाचून दाखवलं, तरी पहिला प्रश्न आला तो पावत्यांचाच.

*

आकडे मान्य, पण माझा सख्खा भाऊ व्यसनी आहे. दोनदा दिलेले पैसे खरोखरच दारूत गेले. तिसऱ्यांदा मी ते वहिनीच्या खात्यावर टाकले. ज्याला घर जवळून माहीत आहे त्याने असा विचार करण्यात मला गैर वाटत नाही. मात्र वहिनी दर महिन्याला मला हिशेबाची चिठ्ठी पाठवू लागली. मी मागितली नव्हती, पण नकोही म्हटलं नाही. खरं तर बरंच वाटत होतं. चौथ्या चिठ्ठीत 'माझ्यासाठी चप्पल' असं लिहून पुढे कंसात 'जुनी शिवण्याजोगी राहिली नव्हती' असं लिहिलं होतं. त्याच संध्याकाळी तिला फोन करून सांगितलं, चिठ्ठ्या बंद कर.