साइन वेव्हची बेरीज करून दाखवायला ऑनलाइन टूल सुचवा (मोबाईलवर चालणारं हवं)

अलिबागचे_क्लासवाले:
नमस्कार मंडळी. मी अलिबागला अकरावी बारावीचे फिजिक्सचे क्लास घेतो. आता बारावीचं सुपरपोझिशनचं प्रकरण आलंय आणि दोन साइन वेव्ह मिळवल्या की काय होतं हे फळ्यावर खडूने काढून काढून कंटाळा आलाय, पोरांना पण ती तिसरी रेघ मी मनाने काढतो असंच वाटतं (खरं तर काढतोच थोडीफार). लॅपटॉप फक्त माझ्याकडे, पोरांकडे मोबाईल, नेट यथातथा. काही डाउनलोड न करता ब्राउझरमध्ये चालेल, फ्रिक्वेन्सी आणि फेज (लाट किती पुढेमागे सरकलीय ते) बदलता येईल असं काही आहे का? डेसमॉसमध्ये (ब्राउझरमध्ये ग्राफ काढायचं टूल) करून बघितलं, पण २५६ हर्ट्झ आणि २६० हर्ट्झ टाकलं तर लाट दिसतच नाही, पूर्ण स्क्रीनवर नुसता लाल पट्टा रंगवल्यासारखा येतो. दुसरं म्हणजे एका मुलीने ६० अंशाचा फेज दिला तर बेरीज जवळजवळ शून्य आली, १.७३ यायला हवी होती. टूलमध्ये गडबड आहे की आणखी काही?

रेडियन_बाई:
सर, टूल उत्तम आहे, डेसमॉस सोडू नका. दोन्ही प्रश्न सेटिंगचे आहेत.

आधी पट्ट्याचं. स्क्रीनवर एक्स उणे दहा ते दहा असतो, म्हणजे तुम्ही २० सेकंद दाखवताय आणि त्यात २५६ च्या हिशोबाने पाच हजारांवर लाटा कोंबल्यात, मोबाईलच्या रुंदीत तेवढे पिक्सेलच नसतात. मग रेघेला रेघ चिकटून पट्टाच दिसणार. एक तर एक्स ० ते ०.०५ करा, पण तेवढ्यात २५६ आणि २६० मधला फरक दिसत नाही कारण एक बीट (बेरीज एकदा फुगून बसणं) पूर्ण व्हायलाच पाव सेकंद लागतो. त्यापेक्षा आकडेच लहान घ्या. मी १० आणि ११ घेते आणि एक्स ० ते २ ठेवते. (सूत्रं इथे मराठी अक्षरांत लिहितेय, तिकडे इंग्रजीत टाका.)

एफ(एक्स) = साइन(२ पाय × १० एक्स)
जी(एक्स) = साइन(२ पाय × ११ एक्स)

या दोन ओळी झाल्या की तिसरी ओळ नुसती एफ(एक्स) + जी(एक्स). आता तिन्ही एकमेकांवर आले तर गिचमिड होते, म्हणून पहिलीचा ग्राफ ६ ने वर, दुसरीचा ३ ने वर, म्हणजे वाय = एफ(एक्स) + ६ असं, आणि बेरीज खाली शून्यावर. मग पोरांना सांगा एका उभ्या रेषेवर बोट ठेवा, वरच्या दोन लाटा तिथे आपापल्या मधल्या रेषेपासून किती वरखाली आहेत ते वाचा आणि खालचं तेवढंच येतंय का बघा. अर्ध्या सेकंदाच्या खुणेपाशी दोघी बरोबर उलट्या जातात आणि बेरीज चपटी होते, ते दिसलं की वर्गात आपोआप "अरे हां" ऐकू येतं. पाय साठी पी आणि आय टाइप केलं की चिन्ह येतं. आकड्यांच्या जागी अक्षर टाकलंत तर स्लायडर करू का असं तेच विचारतं.

आता ६० चं. डेसमॉस मूळचं रेडियनमध्ये असतं (त्यात पूर्ण फेरी ३६० नाही, २ पाय), त्या मुलीने ६० टाकलं म्हणजे ६० रेडियन झाले. त्यातून पूर्ण फेऱ्या वजा केल्या तर साधारण १९८ अंश उरतात, म्हणजे जवळजवळ उलटी फेज. एक-एक अँप्लिट्यूडच्या दोन लाटांची बेरीज मग ०.३१ येते, १.७३ नाही. टूलने बरोबरच उत्तर दिलंय. पान्याच्या चिन्हात जाऊन डिग्री करता येतं पण मी करत नाही, कारण मग साध्या साइन एक्सची एक लाट ३६० रुंद होते आणि आहे त्या स्क्रीनवर ती सरळ रेघेसारखी दिसते, नवीन गोंधळ. रेडियनच ठेवा, ६० च्या जागी पाय भागिले ३ लिहायला लावा. परीक्षेत तेच लिहायचंय.

सोल्डर_आणि_चहा:
वरच्या उत्तराला +१. भर एवढीच की डेसमॉसमध्ये आवाज पण काढता येतो हे फार जणांना माहीत नसतं. टोन(४४०) अशी ओळ टाका, खाली टोन(४४३) टाका, दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला तीनदा आवाज फुगतो आणि बसतो. २५६ पेक्षा ४४० घ्या, मोबाईलचा छोटा स्पीकर खालचे सूर नीट काढत नाही.

अजून भारी प्रकार म्हणजे दोन वेगळे मोबाईल. ऑनलाइन टोन जनरेटर नावाने शोधलं की चिक्कार साइट मिळतात, एका मुलाच्या फोनवर ४४० लावा, दुसऱ्याच्या फोनवर ४४२, दोन्ही टेबलावर ठेवा. बेरीज कुठल्या सॉफ्टवेअरने केलेली नाही, हवेत झाली. मग दोन्हीवर नेमकं ४४० लावून सगळ्यांना एक कान बंद करून डोकं हळूहळू डावीउजवीकडे हलवायला सांगा, काही ठिकाणी आवाज कमी लागतो. खोलीत भिंतींवरून परत येणारा आवाज मिसळतो म्हणून पूर्ण शांत जागा मिळणार नाही, पण फरक कळतो.

ग्राफपेपर_जिंदाबाद:
मला हे स्लायडरचं वेड कळत नाही. सरकवला, चित्र हललं, मजा आली, पुढे? आमच्या वेळी ग्राफपेपरवर दर ३० अंशाला किंमत काढून दोन लाटा आणि बेरीज काढायला लावायचे, एकदा हाताने केलं की जन्मभर विसरत नाही.

रेडियन_बाई:
@ग्राफपेपर_जिंदाबाद अहो एकदा हाताने कराच की, कोण नको म्हणतंय. ३ साइन एक्स अधिक ४ कॉस एक्स हाताने काढायला लावा, सगळ्यात मोठी किंमत ५ येते आणि लाट ५३.१३ अंशांनी पुढे सरकते. पण मग ४ चं ३.५ केलं तर, फेज ९० चं १५० केलं तर, हे प्रत्येक वेळी नवीन कागद घेऊन कोण करणार? एक हाताने, बाकीचे टूलवर.

बोर्डात_वायर:
इलेक्ट्रिकलवाला बोलतोय. सर तुमच्या पोरांपैकी कोणी पुढे डिप्लोमाला गेलं तर हे कामाला येईल. डेसमॉसमध्ये आपल्या विजेच्या आर, वाय, बी तीन फेज टाका. २३० व्होल्ट हे आरएमएस (म्हणजे परिणामी किंमत, शिखर नव्हे), शिखर ३२५ च्या आसपास जातं, म्हणून ३२५ साइन एक्स, मग त्यातून २ पाय भागिले ३ वजा केलेली, मग ४ पाय भागिले ३ वजा केलेली. तिघांची बेरीज टाका, बरोब्बर शून्यावर सरळ रेघ. कितीही झूम करा. म्हणून लोड सारखा असेल तर न्यूट्रलमध्ये (तिघांच्या सामायिक परतीच्या वायरमध्ये) करंट नसतो, हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि कोणाचा विश्वास बसत नाही. आर मधून वाय वजा करा, शिखर ५६३ येईल, त्याला १.४१४ ने भागा, ३९८, हेच आपलं चारशे व्होल्ट लाइन टू लाइन.

आता खरी गंमत. प्रत्येक फेजमध्ये तिप्पट फ्रिक्वेन्सीची एक छोटी लाट मिसळा, म्हणजे १५० हर्ट्झवाली, संगणकाचे पॉवर सप्लाय आणि एलईडीचे ड्रायव्हर हे प्रकार करंटमध्ये असला हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतली लाट) भरपूर टाकतात. तिप्पट म्हटलं की १२० अंशाचा फरक ३६० होतो, म्हणजे तिन्ही फेजमधल्या या छोट्या लाटा एकाच तालात येतात, कोणी कोणाला खोडत नाही, न्यूट्रलमध्ये थेट तिप्पट. मुख्य लाटा गायब आणि ही तेवढी उरलेली स्क्रीनवर दिसते. ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये लोड बॅलन्स दाखवतोय तरी न्यूट्रल गरम का, तर हे. न्यूट्रलला बारीक वायर टाकून पैसे वाचवणाऱ्यांना हा ग्राफ फ्रेम करून द्यायला पाहिजे.

फूरियरचा_फॅन:
दोनच लाटा असतील तर डेसमॉस ठीक, पण दहा-बारा मिळवायच्या असतील तर दुसरीकडे जा.

फेटची "फूरियर मेकिंग वेव्ह्ज" बघा, कोलोरॅडो विद्यापीठवाल्यांची, फुकट आहे आणि मोबाईलच्या ब्राउझरमध्ये उघडते. ११ हार्मोनिक्सचे उभे स्लायडर असतात, बेरीज खाली लगेच दिसते, आवाज पण आहे. शाळेतल्या पोरांना हीच द्या. त्यात एक खेळ आहे, समोर एक वेडीवाकडी लाट येते आणि तुम्ही स्लायडर हलवून तशी लाट जुळवायची. पोरं त्यालाच चिकटतात.

फॉलस्टॅडचं फूरियर अ‍ॅप्लेट दिसायला एकदम जुनाट, काळी स्क्रीन आणि वर लाट, खाली ठिपके, पण मला तेच आवडतं. ठिपका वर ओढला की ती हार्मोनिक वाढते, आणि उलट पण चालतं, वरची लाटच बोटाने ओढून वेडीवाकडी करा, खालचे ठिपके सांगतात ती कुठल्या कुठल्या साइनची बनलीय. लॅपटॉपवर माउसने जास्त जमतं.

चौकोनी लाट नक्की करून दाखवा. साइन एक्स, त्यात साइन ३एक्स चा तिसरा भाग, साइन ५एक्स चा पाचवा भाग, असं फक्त विषम आकडे. डेसमॉसमध्ये एस यू एम टाइप केलं की बेरजेचं सिग्मा येतं, मग शंभर टर्मसुद्धा एका ओळीत. कडेजवळ एक छोटं शिंग उरतं ते टर्म वाढवल्या तरी जात नाही, नुसतं बारीक होऊन कडेला सरकतं, उंची उडीच्या साधारण ९ टक्के तशीच. पोरं म्हणतील टूल चुकलं. नाही, हे गणितच तसं आहे, गिब्ज फिनॉमिनन म्हणतात.

आणि ऑनलाइन टूल काल आलं असं समजू नका, मायकेलसन आणि स्ट्रॅटन यांनी १८९८ मध्ये ८० साइन लाटांची बेरीज करणारं यंत्र बनवलं होतं, स्प्रिंगा आणि चाकांचं, शेवटी पेन कागदावर ग्राफ काढायचं.

उधाणभरती:
यंत्राचा विषय निघालाच आहे तर, सर तुम्ही अलिबागला बसून ४४० हर्ट्झ कशाला शोधताय, साइन वेव्हची सगळ्यात मोठी बेरीज तुमच्या समोर रोज दोनदा वरखाली होते. भरती-ओहोटीचं टेबल म्हणजे शेवटी साइन लाटांची बेरीजच. लॉर्ड केल्विनने १८७२ च्या सुमारास त्यासाठी यंत्र काढलं आणि १८७९ ला हिंदुस्थानच्या बंदरांसाठी लंडनमध्ये वेगळं मोठं यंत्र बनलं.

हे गूगल शीटवर करा, ग्राफच्या टूलपेक्षा इथे शीट बरं. पहिल्या कॉलममध्ये तास, ० ते ७२०, एकेक तासाने. दुसऱ्यात चंद्राची मुख्य लाट, १.२३ गुणिले कॉस(२ पाय गुणिले तास भागिले १२.४२). तिसऱ्यात सूर्याची, ०.४८ गुणिले कॉस(२ पाय गुणिले तास भागिले १२). चौथ्यात दोघांची बेरीज, तिचा लाइन चार्ट. हे मीटरमधले आकडे मुंबईचे अंदाजे आहेत, अलिबाग समोरच आहे त्यामुळे चालून जातील.

चार्टमध्ये महिन्यात दोनदा लाट फुगते आणि दोनदा बसते. फुगते ते उधाण, बसते ती भांगाची भरती. वर बाईंनी १० आणि ११ हर्ट्झचं सांगितलं ना, हे तेच बीट्स, फक्त एक बीट १४.७७ दिवसांचा. उधाणाला वरून खालपर्यंत जवळपास ३.४ मीटर, भांगाला दीड. खऱ्या टेबलात रोजच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, कारण २३.९३ आणि २५.८२ तासांच्या अजून दोन लाटा असतात, त्याही हव्या तर मिळवा. आणि प्रत्येकीचा फेज बंदरागणिक वेगळा, तो न टाकल्यामुळे तुमच्या चार्टची वेळ खऱ्या भरतीशी जुळणार नाही, आकार जुळेल. किल्ल्यावर चालत जायची वेळ मात्र छापील टेबलातूनच बघा, पोरांच्या शीटवरून नको 😄

एक सापळा. नेट वाचवायला कोणी एक तासाऐवजी २४ तासांची पायरी घेतली तर सूर्याची लाट सपाट रेघ होते, कारण दर वेळी ती त्याच जागी सापडते, आणि चंद्राची लाट पंधरवड्याने एकदाच वरखाली होताना दिसते. दोन्ही खोटं. लाटेच्या एका फेरीत निदान दहा-बारा ठिपके पडतील अशी पायरी घ्या.

कोडर_पुणे:
पायथनमध्ये चार ओळींत होतं हे सगळं. गूगल कोलॅब वापरा.

सोल्डर_आणि_चहा:
@कोडर_पुणे बारावीच्या पोराला मोबाईलच्या कीबोर्डवर कंस टाइप करायला लावून बघ एकदा.

अलिबागचे_क्लासवाले:
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. १० आणि ११ चं लगेच केलं, पट्टा गेला, मस्त बीट्स दिसतात. उधाणभरती, तुमची शीट वर्गात उघडली आणि एका कोळीवाड्यातल्या मुलाने चार्ट बघून विचारलं की उधाण नेमकं अमावास्येला धरलंय का, कारण आमच्याकडे पाणी एक-दोन दिवस उशिरा चढतं. मला सांगता आलं नाही. आणि अजून एक, बेरजेच्या सूत्रात (दोन साइनची बेरीज = २ × कॉस × साइन) बाहेरच्या कॉसमध्ये फ्रिक्वेन्सीतल्या फरकाचा अर्धा येतो, मग बीट्स अर्ध्या का नाहीत? हे दर वर्षी कोणीतरी विचारतं.

उधाणभरती:
मुलगा बरोबर बोलतोय. शीटमध्ये दोन्ही लाटा शून्य तासाला शिखरावर धरल्यात म्हणून उधाण सुरुवातीलाच येतं. समुद्र चंद्र-सूर्याच्या ओढीला उशिरा साथ देतो, दोन लाटांचा उशीर वेगवेगळा असतो, त्यामुळे उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या मागून येतं. सूर्याच्या लाटेच्या कॉसमध्ये ३६ तासांच्या उशिराइतका फेज वजा करा, अर्ध्या दिवसाला १२.२ अंश या हिशोबाने साधारण ३७ अंश, म्हणजे ०.६४ रेडियन. फुगवटा दीड दिवस पुढे सरकलेला दिसेल.

रेडियन_बाई:
बीट्सचं: डेसमॉसमध्ये अजून दोन ओळी टाका, वाय = २ कॉस(पाय एक्स) आणि वाय = उणे २ कॉस(पाय एक्स). या दोन रेघांमध्ये बेरजेची लाट बरोबर अडकलेली दिसेल. कॉसची एक फेरी २ सेकंदांची आहे, पण त्या एका फेरीत तो एकदा वरच्या टोकाला जातो आणि एकदा खालच्या, आणि आवाज दोन्ही वेळा मोठाच असतो, कानाला अधिक-उणे कळत नाही. म्हणून २ सेकंदांत दोन फुगवटे, सेकंदाला एक. म्हणजे पूर्ण फरक, ११ वजा १०.