ऑक्सिजन सेन्सर नवा बसवला, तरी हीटर सर्किटचा कोड परत येतो

प्रश्न
माझ्या पेट्रोल गाडीत इंजिनचा दिवा लागला असून स्कॅनरवर पी०१३५ हा कोड दिसतो. एक्झॉस्टमधील ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बदलून कोड पुसला, तरी दुसऱ्या दिवशी तोच कोड पुन्हा आला. चालवताना मात्र काहीच वेगळे जाणवत नाही. नवा सेन्सरच सदोष निघाला असावा का?

प्रतिसाद १
हा कोड एकट्या सेन्सरचा नसून पहिल्या बँकेतील (सिलिंडरच्या पहिल्या रांगेतील) पहिल्या सेन्सरच्या संपूर्ण हीटर सर्किटचा, म्हणजे सेन्सरला तापवणाऱ्या विजेच्या जोडणीचा आहे. त्यात फ्यूज, वायरिंग, कनेक्टर आणि ईसीयू (इंजिनचे नियंत्रण करणारा संगणक) हे सगळेच येतात. सेन्सर बदलण्याआधी मल्टिमीटर लावायला हवा होता, पण ते असो. इंजिन थंड असताना कनेक्टर काढून सेन्सरच्या हीटरच्या दोन पिनांमधील रोध मोजावा. या दोन वायरी बहुधा एकाच रंगाच्या असतात. रोध काही ओहम असावा. मीटर अनंत दाखवत असेल, तर हीटर तुटलेला आहे. त्यानंतर इग्निशन चालू करून गाडीकडच्या कनेक्टरवर १२ व्होल्ट येतात का, ते पाहावे.

प्रश्नकर्ता
रोध ६ ओहम आहे, १२.३ व्होल्ट येतात आणि फ्यूजही शाबूत आहे. म्हणजे ईसीयू गेला का?

प्रतिसाद २
ईसीयूवर इतक्यात आळ घेऊ नये. मीटर जवळजवळ प्रवाहच ओढत नाही, त्यामुळे पिन गंजलेली असली किंवा वायरीची एखादीच तार शिल्लक असली, तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. ६ ओहमच्या हीटरला मात्र सुरुवातीला सुमारे २ अँपिअर लागतात आणि तिथे त्या पिनेचा दोष उघड होतो. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब पुरवठ्याची पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये जोडून पाहा. तो लख्ख पेटला, तर पुरवठा ठीक आहे. मग ५ वॅटचा बल्ब बॅटरीचे धन टोक आणि हीटरची दुसरी पिन यांच्यामध्ये लावून इंजिन सुरू करावे. बहुतेक गाड्यांत ईसीयू हीटरची ऋण बाजू जोडतो-तोडतो, म्हणून हा बल्ब पेटायला किंवा लुकलुकायला हवा.

गाडी नीट चालते याचे कारण असे, की सेन्सरला काम करण्यासाठी सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापावे लागते आणि हीटर बंद असला, तरी एक्झॉस्टचा धूर त्याला उशिरा का होईना तापवतो.

प्रश्नकर्ता
पहिला बल्ब जेमतेम लालसर झाला. कनेक्टर उलगडून पाहिल्यावर पुरवठ्याची पिन हिरवी पडलेली आढळली. पिन बदलल्यावर बल्ब लख्ख पेटला.

प्रतिसाद २
आता कोड पुसावा आणि गाडी रात्रभर थंड होऊ देऊन मगच तपासावी, कारण तापलेल्या इंजिनावर हीटरची चाचणी ईसीयू घेईलच असे नाही.